आवाजाआधी पोचलेला चेहरा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. ठाण्यातल्या कोपरीच्या काठाने खाडीकडे जाणारा हा मार्ग काही वर्षांत भोर घाटातून पुण्याकडे आणि थळ घाटातून नाशिककडे गेला. मराठी नाटक मंडळ्यांच्या पुढच्या पाऊणशे वर्षांच्या दौऱ्यांचा नकाशा त्यानेच आखून दिला.

त्याच १८५३ साली विष्णुदास भावे यांची सांगलीकर मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. त्या नाट्यगृहामागे आणि रेल्वेमागेही मुरबाडचे एक नाव होते, जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. त्याच साली नोव्हेंबरात पॅरिसमध्ये आंद्रे दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एका युक्तीचे पेटंट घेतले.

दीड-दोन वर्षांत आगगाडी, तिकिटाचे नाटक आणि स्वस्त फोटो या तीन गोष्टी एकामागोमाग आल्या. त्या एकत्र आल्यावर गायक नटाला एक नवे आयुष्य मिळाले. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही आणि त्याचे गाणे कधी ऐकले नाही, त्यांच्याही घरात आता त्याचा चेहरा जाऊ शकत होता.

दिस्देरीची युक्ती साधी होती. अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेवर आठ छोटी चित्रे घ्यायची, ती एकदम कागदावर छापायची, कापायची आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची. भेटपत्राच्या, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या, आकाराची ही तसबीर साधारण दहा सेंटीमीटर उंच असे. त्याआधीचे दागेरोटाइप चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटे. त्याची प्रत निघत नसे. एकच नग, जपून ठेवायचा. आता काच एकदा तयार झाली की हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. कागदावर अंड्यातील पांढऱ्या भागाचा थर द्यावा लागे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात १८८० च्या दशकात या कामासाठी रोज सुमारे साठ हजार अंडी फुटत, यावरून या धंद्याचा पसारा कळावा.

या फरकाचा अर्थ गायकांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतो. स्वीडनची सोप्रानो जेनी लिंड १८५० मध्ये अमेरिकेला गेली, तेव्हा तिचा दौरा पी. टी. बार्नम या पट्टीच्या जाहिरातबाजाने ठरवला होता. न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रेडीने तिचा दागेरोटाइप घेतला. पण लोकांपर्यंत तिचा चेहरा गेला तो त्यावरून आणि इतर चित्रांवरून केलेल्या कोरीव छापांमधून. अकरा वर्षांनी, १८६१ मध्ये, अडेलिना पाती नावाची अठरा वर्षांची मुलगी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिल्यांदा गायली. त्याच वर्षी कामील सिल्वीच्या स्टुडिओत ती आपल्या ऑपेरातील भूमिकांच्या वेषात उभी राहिली आणि तिची छोटी कार्डे दुकानांच्या काचेत लागली. राणी व्हिक्टोरियाच्या कार्डांशेजारी गायिकेचे कार्ड आणि त्याशेजारी एखाद्या सेनापतीचे, अशी मांडणी तेव्हा दिसे. लोक ती विकत घेत आणि घरच्या आल्बममध्ये, नातेवाइकांच्या फोटोंच्या मधोमध लावत. मान, दर्जा आणि जात विचारणारा समाज त्या आल्बमच्या पानावर जरा सैल झाला.

जेनी लिंड १८८७ मध्ये वारली. तिच्या आवाजाचा एकही ठसा उरला नाही. पातीने ग्रामोफोनच्या शिंगासमोर गाणे गायले ते १९०५ मध्ये, साठी ओलांडल्यावर. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक जगभर पसरलेला तिचा फोटो मुका होता. गायिकेची कीर्ती तिच्या गळ्यामुळे, आणि घरोघरी गेलेला पुरावा मात्र डोळ्यांसाठी. हा पेच एकोणिसाव्या शतकातल्या प्रत्येक गायक नटाच्या फोटोत आहे, आणि मराठी संगीत नाटकात तो जितका तीव्र झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल.

पेच तांत्रिकही होता. ओल्या कलोडियनच्या, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेल्या, काचेवर फोटो उमटायला काही सेकंद लागत. डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार असे. तान घेताना उघडलेले तोंड त्या काळी टिपणे शक्य नव्हते. घेतलेच असते तर धूसर डाग उमटला असता. म्हणून त्या काळातले गायक आणि गायिका फोटोत गात नाहीत. त्यांचे ओठ मिटलेले असतात. मग गाण्याचे काम हातांनी, वस्त्रांनी आणि वस्तूंनी करायचे. हातात पत्र, आरसा, वाद्य किंवा फूल. मान एका बाजूला. पदर विशिष्ट ठिकाणी सरकलेला. त्या पदराच्या चुण्यांवरून प्रेक्षकाने प्रसंग ओळखायचा, पद आठवायचे आणि मनातल्या मनात ते ऐकायचे.

दुसरी अडचण रंगांची. त्या काचा निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळ्या असत. लाल कुंकू काळे उमटे. हळदी रंगाचे लुगडे गडद दिसे. आकाशी शालू पांढरा पडे. रंगभूमीवर तर चेहऱ्याला पिवडी, सफेदा, शेंदूर चोपडलेला असे, आणि तोही दिव्यांच्या पिवळट उजेडासाठी बेतलेला. तोच रंग स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली आला की गोरी शकुंतला सावळी होई. म्हणून रंगपटाला फोटोसाठी वेगळा विचार करावा लागे. जुन्या फोटोतल्या नायिकेच्या कपाळावरचा तो ठसठशीत काळा ठिपका पाहून चकित होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की समोर बसलेल्या माणसाच्या कपाळी तो लालभडक होता.

मुंबईत हे तंत्र लवकर रुजले. १८५० च्या दशकातच एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचे वर्ग भरत होते आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात स्वतःचा स्टुडिओ थाटला. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींची चित्रे घेऊन १८६० च्या दशकात ग्रंथ काढले. १८९६ मध्ये राजा दीनदयाळ यांनी मुंबईत शाखा उघडली. आणि त्याच दशकात शापूर भेडवार हा पारशी छायाचित्रकार घरातल्या माणसांना पोशाख घालून, नाटकातल्या प्रवेशासारखी रचना करून, चित्रमालिका बनवत होता आणि परदेशी प्रदर्शनांत पदके मिळवत होता. स्टुडिओ आणि रंगमंच यांची भाषा तेव्हा एकच होती: मागे रंगवलेला पडदा, एक खांब, कठडा, फुलदाणी, आणि पुढे पोशाखातला माणूस.

पारशी कंपन्यांनी हा संबंध सर्वांत आधी ओळखला. मेरी फेंटनसारख्या युरोपीय वंशाच्या नटीपासून स्त्रीवेषातल्या पारशी तरुणांपर्यंत त्यांच्या नटांचे फोटो निघाले आणि पुष्कळसे टिकलेही. धनजीभाई पटेल यांनी १९३१ मध्ये पारशी रंगभूमीचा गुजराती इतिहास लिहिला, तेव्हा त्यात अशा जुन्या फोटोंना मोठी जागा दिली. नाटक संपले, पदे विरली, पण चेहरे उरले, हे त्या ग्रंथाची पाने उलटताना कळते.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांना संगीत नाटकाची ओढ लागली ती पारशी मंडळींचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहून, असे सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि मराठी ऑपेरा जन्माला आला. त्याला ऑपेरा म्हणणे त्या पिढीला अवघड वाटत नव्हते. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. बडोद्याहून आलेला भाऊराव कोल्हटकर नावाचा तरुण सुभद्रा झाला आणि प्रेक्षक वेडे झाले. 'भावड्या' हे त्याचे लाडके नाव घराघरांत गेले.

भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. कलकत्त्याच्या एका हॉटेलात गायिका गौहरजान ग्रामोफोन कंपनीच्या शिंगासमोर गायली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये. जेमतेम पावणेदोन वर्षांचा फरक! भाऊरावांच्या आवाजाचे वर्णन ज्यांनी ज्यांनी लिहिले, ते सगळे त्याच्या तीव्रतेबद्दल, लांबवर पोचणाऱ्या धारेबद्दल लिहितात. ती धार ऐकायला आज काही मार्ग नाही. मराठी संगीत नाटकाच्या पहिल्या वीस वर्षांचा सगळा नाद असा शब्दांत आणि आठवणींतच राहिला, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. त्या पिढीला आपल्या गंधर्वाचा आवाज साठवता आला नाही. दिसणे मात्र साठवता आले, आणि तिने ते हौसेने साठवले.

याच काळात त्रावणकोरच्या राजा रविवर्म्याने शकुंतलेला रंगात उतरवले होते. 'शकुंतला-पत्रलेखन' हे त्याचे १८७६ चे चित्र मोनियर विल्यम्सने केलेल्या 'शाकुंतला'च्या इंग्रजी भाषांतरात झळकले. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला. तिथून निघालेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्म्याच्या बायकांची ठेवण मराठी रंगभूमीवर आली, की रंगभूमीची ठेवण त्याच्या चित्रांत गेली, यावर वाद घालता येतो. दोन्ही झाले असावे. रविवर्मा फोटोंचा आधार घेत असे, नाटके पाहत असे, आणि गोव्याच्या घराण्यातल्या गायिका अंजनीबाई मालपेकर त्याच्या चित्रांसाठी बसल्या असे सांगितले जाते. मैफलीत गाणाऱ्या बाईचा चेहरा असा देवीचा होऊन दिवाणखान्यात टांगला गेला. तिचे नाव मात्र त्या चित्राखाली छापले जात नसे. प्रसिद्धी आणि प्रतिष्ठा यांत केवढे अंतर होते, ते इथे उघडे पडते. गौहरजानचा फोटो आगपेट्यांवर छापला गेला, पण तिला शेजार देणारी घरे किती होती?

म्हणूनच मराठी प्रसिद्धीचा पहिला खरा मोठा चेहरा एका पुरुषाचा, आणि तोही स्त्रीवेषातला, असणे समजण्यासारखे आहे. २६ जून १८८८ ला जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांना लोकमान्य टिळकांनी लहानपणी गाणे ऐकून 'बालगंधर्व' म्हटले, अशी आख्यायिका सर्वपरिचित आहे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले, मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले. १९११ मध्ये 'मानापमाना'तली भामिनी. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. १९१६ मध्ये 'स्वयंवरा'तली रुक्मिणी. १९१९ मध्ये 'एकच प्याला'तली सिंधू. त्या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला २० फेब्रुवारीला झाला, पण तो पाहायला नाटककार राम गणेश गडकरी नव्हते, ते जानेवारीतच सावनेरला वारले होते. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे, १९७८ मध्ये उभे राहिलेले रंगायतन त्यांच्याच नावाचे आहे. कोपरीहून रूळ ओलांडून पश्चिमेला नाटकाला जाणारा प्रेक्षक त्या नावाखालूनच आत शिरतो.

बालगंधर्वांच्या बाबतीत भाऊरावांचा पेच सुटला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि भरपूर खपल्या. फोटोही होते. एक डोळ्यांना, एक कानांना, अशा दोन वाटांनी गंधर्व घरात येऊ लागले. तरीही फोटोचे काम संपले नाही. उलट त्याला नवे काम मिळाले. फोटोतली रुक्मिणी पाहून पुण्या-मुंबईच्या बायका अंबाडा कसा घालायचा, त्यात वेणी कुठे माळायची, नऊवारीचा काठ खांद्यावर कसा यावा, दागिने किती आणि कोणते, हे ठरवू लागल्या. नाटक रात्री अंधारात, लांबून आणि क्वचित दिसे. फोटो मात्र दिवसा, हातात घेऊन, पुन्हापुन्हा न्याहाळता येई. अनुकरणाला लागणारा हा निवांतपणा फक्त फोटोच देऊ शकत होता. गंधर्वांचा चेहरा साबण, पावडर, औषधे यांच्या जाहिरातींतही आला. गुजराती रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या जयशंकर 'सुंदरी' यांच्याबाबतीत तेच होत होते. मुंबईतल्या गुजराती स्त्रिया त्यांच्या चालण्या-नेसण्याचे अनुकरण करत.

घराबाहेर पडायला संकोचणाऱ्या बाईला सार्वजनिक जागेत कसे दिसावे याचा धडा एका पुरुषाने दिला, हे विलक्षण आहे. त्यात खेदाचा भागही आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या वर्षांत रुक्मिणीच्या वेषातले गंधर्व आदर्श गृहिणी म्हणून पूजले जात होते, त्याच वर्षांत खऱ्या गायिका-नटींना भाड्याने घर मिळणे कठीण होते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळाली नाही. उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. फाळके स्वतः बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले आणि रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आलेले. फोटो, लिथोचित्र, नाटक आणि सिनेमा यांची साखळी त्या एका माणसाच्या आयुष्यात पुरी गुंफलेली आहे. त्याच साली त्यांनी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आणले, हेही तितक्याच आदराने नोंदवायला हवे.

चेहऱ्याचा बाजार भरला की मालकीचा प्रश्न येतोच. अमेरिकेत नेपोलियन सारोनी हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नटनट्यांना आपल्याकडेच बसावे म्हणून पैसे मोजत असे; १८८० मध्ये सारा बर्नहार्टला त्याने दीड हजार डॉलर दिल्याचे सांगतात. १८८२ मध्ये त्याने ऑस्कर वाइल्डचे फोटो घेतले. वाइल्ड तेव्हा अमेरिकेत आला होता तोही एका ऑपेराच्या निमित्ताने. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'पेशन्स'ची हवा तयार व्हावी म्हणून निर्माता डॉयली कार्टने त्याचा व्याख्यानदौरा आखला होता. एका लिथो कंपनीने सारोनीने घेतलेला वाइल्डचा फोटो चोरून पंच्याऐंशी हजार प्रती छापल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८८४ मध्ये निकाल लागला की फोटो ही छायाचित्रकाराची निर्मिती आहे, कारण पोशाख, बैठक, उजेड आणि मुद्रा त्याने योजली. ज्याचा चेहरा होता त्या वाइल्डला या निकालातून काहीच मिळाले नाही. गायकाच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर त्याचा स्वतःचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या अर्जावर अंतरिम आदेश देताना मान्य केले ते २०२४ मध्ये, यंत्राने केलेली आवाजाची नक्कल बाजारात आल्यावर.

मराठी मंडळ्यांकडे असे खटले नव्हते. त्यांच्याकडे होती आगगाडी. गावोगावचा मुक्काम म्हणजे पडद्यांची भेंडोळी, पोशाखांच्या ट्रंका, तबले-ऑर्गन, आचारी, नटांची कुटुंबे, असा अख्खा संसार मालडब्यात चढवायचा. मुंबईहून पुण्याला जायचे असो वा नाशिक-वऱ्हाडात, गाडी ठाणे-कल्याणवरूनच जाई. पण कंपनीच्या आधी गावात पोचत असे तिची जाहिरात: भिंतींवरचे कागद, वाटलेली हँडबिले, आणि पुढे जाळीच्या ठशांची छपाई स्वस्त झाल्यावर त्यांवरचा नटाचा फोटो. मासिकांनीही तीच वाट धरली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये चित्रांनी सजलेला पहिला दिवाळी अंक काढला आणि वाचकाला छापील पानावर चेहरे शोधायची सवय लागली.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत. एकात पगडी-उपरण्यातला पुरुष, दुसऱ्यात स्त्रीभूमिका. ती शेजारी पाहताना जाणवते की कॅमेऱ्याने या माणसाचे दोन वेगळे चेहरे जपले आणि प्रेक्षकांनी त्यातला एकच आपला मानला. त्याची किंमत गंधर्वांना मोजावी लागली.

कर्जात बुडालेले गंधर्व १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ म्हणून उभे राहिले. चित्रपट चांगला होता. दिग्दर्शक व्ही. शांताराम लहानपणी गंधर्व मंडळीतच काम केलेले; त्यांनी गुरूचा मान राखून सगळे केले. पण प्रेक्षकांना पुरुषवेषातले गंधर्व नको होते. मग १९३७ मध्ये 'अमृतसिद्धी' नाटकावरून 'साध्वी मीराबाई' हा बोलपट निघाला आणि गंधर्व पुन्हा स्त्रीवेषात आले, या वेळी हलत्या चित्रांच्या कॅमेऱ्यासमोर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. स्टुडिओतल्या जुन्या फोटोत उजेड, बैठक आणि पदर आधी ठरवता येत होते आणि एक क्षण निवडून बाकीचे टाकून देता येत होते. बोलपटाने ती निवड काढून घेतली. जबड्याची ठेवण, थकलेले डोळे, पदराआडचे वय, सगळे पडद्यावर हातभर मोठे झाले. शिवाय १९३२ मध्येच दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त तारामती होऊन आल्या होत्या. प्रेक्षकाने खरी स्त्री पडद्यावर पाहिली होती. चित्रपट पडला. त्यानंतर वर्षभरातच गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे गेल्या आणि गंधर्व त्यांच्यासमोर पुरुषपात्रे करू लागले.